फसलो, चुकलो, गंडलो: फसण्याचुकण्याच्या शब्दांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माणूस फसतो, चुकतो, गंडतो, भुलतो, नाडला जातो. अनुभव थोडाफार सारखाच, पण शब्द बदलला की दोषाचं माप बदलतं. कुठला शब्द दोष फसणाऱ्याच्या पदरात टाकतो, कुठला फसवणाऱ्याच्या आणि कुठला दोघांनाही मोकळं सोडतो, हे ध्यानात ठेवलं की इथले निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. लिहिणारे, भाषांतर करणारे आणि नव्यानं मराठी शिकणारे पुन्हापुन्हा जे विचारतात, ते खाली घेतलं आहे.

‘मी फसलो’ म्हणायचं की ‘मला फसवलं’?

दोन्ही बरोबर, पण एकाच घटनेच्या या दोन वेगळ्या कैफियती आहेत. ‘फसणे’ला दुसरा कुणी लागत नाही. गाडी चिखलात फसते, बेत फसतो, तसाच माणूस फसतो. ‘फसवणे’ म्हटलं की मात्र कर्ता हजर करावा लागतो.

गंमत अशी की खरोखर लुबाडला गेलेला माणूस शेजाऱ्याला सांगताना बहुतेक वेळा पहिलंच रूप वापरतो. ‘तुमचं केवायसी संपलंय’ असं म्हणत कुणीतरी फोनवर ओटीपी काढून घेतो, खातं धुऊन नेतो आणि हा म्हणतो, ‘फसलो हो!’ ऐकणारेही लगेच तीच री ओढतात: ‘अहो पण तुम्ही फसलातच कसे? तुम्ही तर शिकलेले!’ कुणी फसवलं, हा प्रश्न मागाहून, आला तर येतो.

तोच माणूस पोलीस ठाण्यात अर्ज लिहायला बसला की भाषा फिरते: ‘सदर इसमाने बँकेचा अधिकारी असल्याचे भासवून, माझा विश्वास संपादन करून माझी ४८,००० रुपयांची फसवणूक केली.’ आता कर्ता आला, त्याचं सोंग आलं, त्याची रीत आली आणि आकडा आला. ‘मी फसलो’ एवढंच लिहिलं तर हवालदार विचारणारच, की गुन्हा कुणावर दाखल करू?

माझं मत विचाराल तर अशा माणसाशी बोलताना ‘तुम्हाला फसवलंय’ असंच म्हणावं. तो लाजून घरात बसत नाही, आणि ऑनलाइन फसवणुकीत १९३० या हेल्पलाइनवर जितक्या लवकर फोन जाईल तितकं बरं.

‘फसगत’ आणि ‘फसवणूक’ एकच ना?

नाही. फसवणुकीमागे कुणाचा तरी हेतू असतो. फसगत हेतूशिवायही होते. कव्हर बघून पुस्तक घेतलं आणि आत दम नव्हता, तर ती फसगत. कोकणात पाऊस थांबला असं वाटून छत्री न घेता निघालात आणि चिंब झालात, तर पावसावर फसवणुकीचा आरोप करता येत नाही. झाली ती फसगतच. दुकानदारानं जुना माल नवा म्हणून गळ्यात मारला, तर ती फसवणूक. बातमी लिहिताना ‘ग्राहकांची फसगत’ असं लिहिलं की विक्रेता अलगद सुटतो, तेव्हा जरा सांभाळून.

‘मी चुकलो’, ‘माझं चुकलं’, ‘माझ्या हातून चूक झाली’ यांत काय फरक?

ही एक उतरंड आहे. ‘मी चुकलो’ किंवा ‘मी चुकले’ हे सगळ्यात मोकळं. सबंध माणूस त्या क्रियापदात उभा राहतो, आड लपायला काही उरत नाही. ‘माझं चुकलं’ हे त्याहून एक पाऊल मागे. माणूस ठीक आहे, त्याचं काहीतरी चुकलं. घरातल्या रुसव्याफुगव्यांत बहुधा हेच रूप चालतं: ‘बरं बाई, माझं चुकलं, आता जेवायला चल.’ त्यात कबुली किती आणि भांडण मिटवायची घाई किती, हे चल म्हणणाऱ्याच्या सुरावरून ओळखायचं.

‘माझी चूक झाली’ म्हटलं की चूक हीच वाक्याची धनीण होते. ‘माझ्या हातून चूक झाली’ यात दोष हातावर जातो. नुसत्या ‘चूक झाली’ यात ती माझीही नाही आणि तुझीही नाही. आणि सगळ्यात खालच्या पायरीवर सरकारी पत्र: ‘सदर बाब अनवधानाने नमूद करावयाची राहून गेली आहे.’ इथे माणूसच नाही, चूकही नाही. एक बाब आपली आपणच राहून गेली.

‘नजरचुकीने’ हा या कुळातला सोयीचा शब्द. वर्तमानपत्रं शुद्धिपत्रात तो वापरतात. छपाईत अक्षर उलटंसुलटं झालं तर जुने संपादक ‘मुद्राराक्षसाचा विनोद’ म्हणून मोकळे होत. राक्षसावर ढकललं की खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याचीही सुटका आणि वाचकालाही हसू.

ज्याला खरंच माफी मागायची आहे त्यानं पहिलं रूप वापरावं. ते म्हणायला दोनच शब्द लागतात आणि तेच सगळ्यात जड जातात.

बस चुकली, वासरू चुकलं, ठोका चुकला. यात कुणाची चूक?

कुणाचीच नाही. ‘चुकणे’चा एक अर्थ नेम, वाट किंवा वेळ सुटणं असाही आहे. ‘गाडी सुटली’ म्हणजे ती फलाटावरून निघाली. ‘गाडी चुकली’ म्हणजे ती निघाली आणि आपण फलाटावरच राहिलो. कळपातून भरकटलेलं वासरू ‘चुकलेलं’ असतं. त्याला ‘हरवलं’ म्हणतो आपण, ज्यांचं वासरू गेलं ते. वासराच्या बाजूनं पाहिलं तर ते वाट चुकलेलं असतं.

‘चुकामूक’ हा शब्द तर खास गर्दीचा. आषाढीला पंढरपुरात ध्वनिक्षेपकावर आपल्या माणसांपासून सुटलेल्यांच्या सूचना सारख्या चालू असतात. अमुक गावच्या, हिरव्या लुगड्यातल्या आजी इथे बसल्या आहेत, त्यांच्या दिंडीवाल्यांनी यावं. आजी हरवल्या असं कुणी म्हणत नाही, चुकामूक झाली म्हणतात. दोघंही एकमेकांना शोधत असतात, दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात, फक्त गाठ पडत नाही. ‘चुकला फकीर मशिदीत’ ही म्हणही याच अर्थाची: माणूस दिसेनासा झाला तर त्याच्या नेहमीच्या अड्ड्यावर पाहा.

‘कर्ज चुकवलं’ म्हणजे फेडलं की बुडवलं?

हा प्रश्न हल्ली फार येतो, कारण हिंदीतलं ‘चुकाना’ मराठी बातम्यांत शिरलं आहे. मराठीत ‘चुकवणे’ म्हणजे टाळणं, हुलकावणी देणं. कर चुकवतात, नजर चुकवतात, काम चुकवतात, फटका चुकवतात. फेडायचं असेल तर ‘चुकतं करणे’: बिल चुकतं केलं, हिशेब चुकता केला. ‘त्याने सगळं देणं चुकवलं’ असं लिहिलंत तर एक वाचक त्याला प्रामाणिक समजेल आणि दुसरा बदमाश. सरळ ‘फेडलं’ लिहावं. तीच गोष्ट ‘किंमत चुकवणे’ची. मराठी माणूस किंमत मोजतो.

गफलत, गल्लत, घोळ, घोटाळा, गैरसमज: कुठे काय वापरावं?

गफलत बेसावधपणातून होते. लक्ष असतं तर झाली नसती. रेल्वे फाटकावर गफलत, हिशेबात गफलत. गल्लत दोन गोष्टींची होते: जुळ्या भावांची, श्रद्धा आणि अंधश्रद्धेची, मूळ भावाची आणि छापील किमतीची. एकाच गोष्टीची गल्लत होत नाही, तिथे ‘यांची’ किंवा ‘मध्ये’ हवंच. घोळ म्हणजे गुंता. तो होतो, घातला जातो आणि कार्यालयांत वर्षानुवर्षं चालू राहतो.

घोटाळा हा शब्द मजेशीर आहे. ‘अहो, माझा जरा घोटाळा झाला, मी तुम्हाला जोशी समजलो’ इथे तो अगदी निरुपद्रवी आहे. ‘बँक घोटाळा’, ‘भूखंड घोटाळा’ म्हटलं की कोट्यवधींचा व्यवहार आणि चौकशी समिती. एकच शब्द चुकलेल्याला आणि चोराला सारखाच लागू पडतो, म्हणून पुढाऱ्यांना तो परवडतो. ‘अपहार’ म्हटलं तर पैसे खाल्ले असा थेट आरोप होतो. घोटाळा काय, होऊही शकतो.

गैरसमज होतो, करून घेतला जातो, करून दिला जातो आणि पसरवलाही जातो. या चार क्रियापदांत चार वेगळे दोषी आहेत. ‘तुम्ही गैरसमज करून घेतलात’ म्हणणाऱ्यानं आपलं अंग काढून घेतलेलं असतं.

वडीलधाऱ्यांना किंवा साहेबांना ‘तुम्ही चुकताय’ असं कसं सांगावं?

तसं न सांगावं हे उत्तम. ‘चुकताय’ हे तोंडावर आपटतं. ‘काका, तुमची जरा गल्लत होतेय’ चालतं, कारण त्यात दोन गोष्टी सारख्या दिसतात हा दोष गोष्टींचा राहतो. साहेबांना ‘आपला काही गैरसमज झालेला दिसतो’ म्हणतात, पण ते जरा कडक आणि पत्रातलं वाटतं. बोलताना ‘माझं चुकत असेल तर सांगा, पण मागच्या बैठकीत आपण पंधरा तारीख ठरवली होती ना?’ हे जास्त चालतं. चूक स्वतःकडे घ्यायची, प्रश्नचिन्ह लावायचं आणि थांबायचं. आजीला मात्र ‘आजी, तू विसरलीस’ असं म्हटलेलं चालतं. ती बहुधा विसरलेली नसते आणि तसं सुनावतेही.

टोपी घालणे, शेंडी लावणे, चुना लावणे, गंडा घालणे हे सगळे सारखेच का?

सगळे फसवण्याचेच, पण ठिकाणं वेगवेगळी. ‘गंडा घालणे’ हा वर्तमानपत्रांचा आवडता वाक्प्रचार आणि त्यात रक्कम लागते: ‘नोकरीचे आमिष दाखवून तरुणाला पाच लाखांचा गंडा’. रकमेशिवाय गंडा अर्धवट वाटतो. ‘टोपी घालणे’ आणि ‘शेंडी लावणे’ हे बोलण्यातले. शेंडी लावण्यात फसवणाऱ्याच्या चतुराईचं थोडं कौतुक डोकावतं, टोपी घालण्यात फसलेल्याच्या भोळेपणाची थट्टा. ‘चुना लावणे’ हिंदीच्या संगतीनं रुळला आहे आणि आता त्याला परका म्हणण्यात अर्थ नाही. ‘मामा बनवणे’ मित्रांमध्ये. ‘गंडवणे’ सगळीकडे चालतं, फक्त शाळेच्या निबंधात आणि न्यायालयात नको.

‘हातोहात’ हे क्रियाविशेषण यांच्यापैकी अनेकांना जोडता येतं. हातोहात फसवलं म्हणजे डोळ्यांदेखत, पत्ता लागू न देता.

‘केसाने गळा कापणे’ मात्र यांच्या पंगतीत बसत नाही. तो विश्वासघात आहे. परक्या माणसानं रस्त्यात लुबाडलं तर त्यानं केसानं गळा कापला असं म्हणत नाहीत. त्यासाठी आधी माया लावावी लागते.

नुसतीच आश्वासनं देऊन झुलवणाऱ्यासाठी काय म्हणावं?

इथे मराठीचा हात कुणी धरू शकत नाही, आणि बहुतेक शब्द जेवणाच्या पानातले आहेत. गाजर दाखवलं म्हणजे आमिष पुढे धरलं. कोपराला गूळ लावला म्हणजे दिला खरा, पण जीभ पोचणार नाही अशा जागी. तोंडाला पानं पुसली म्हणजे देऊ देऊ म्हणत शेवटी काहीच दिलं नाही. ‘अर्थसंकल्पात विदर्भाच्या तोंडाला पाने पुसली’ हा मथळा मार्चमध्ये कुठे ना कुठे दिसतोच. विदर्भाच्या जागी मराठवाडा किंवा कोकण घाला. मधाचं बोट लावलं म्हणजे थोडंसं चाटवून बाकीचं राखलं.

मराठवाड्याच्या बोलण्यात या सगळ्यांवर कडी करणारी म्हण आहे: लबाडाचं आवतण, जेवल्याशिवाय खरं नाही.

कात्रजचा घाट, पेडगाव, ‘ध’चा ‘मा’: हे वाक्प्रचार कुठून आले?

तिन्हींमागे इतिहास आणि आख्यायिका यांची सरमिसळ आहे.

शिवाजी महाराजांनी एप्रिल १६६३ मध्ये पुण्याच्या लाल महालात शिरून शायिस्तेखानावर छापा घातला. परत फिरताना पाठलाग चुकवायला कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून सोडले, मोगल सैन्य त्या उजेडामागे धावलं आणि महाराज सिंहगडाकडे निघून गेले, असं परंपरा सांगते. तेव्हापासून ‘कात्रजचा घाट दाखवणे’ म्हणजे भलत्याच दिशेला धाडून आपलं काम साधणं. आजकाल तिकीटवाटपाच्या दिवसांत हा घाट फार जणांना दाखवला जातो.

पेडगाव अहिल्यानगर जिल्ह्यात, श्रीगोंदा तालुक्यात, भीमेच्या काठी. तिथल्या बहादूरगडावर मोगल सुभेदार बहादूरखानाचा तळ होता. मराठ्यांच्या एका तुकडीनं पळाल्याचं सोंग करून फौज बाहेर ओढली आणि दुसऱ्या तुकडीनं मागे रिकामा राहिलेला तळ लुटला, अशी कथा सांगतात. ‘वेड पांघरून पेडगावला जाणे’ म्हणजे सगळं माहीत असून अजाणतेपणाचं सोंग घेणं. या वाक्प्रचाराचा सूर नेहमी खोचक असतो.

‘ध’चा ‘मा’ पुण्याचाच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणराव पेशव्यांचा खून केला. राघोबादादांच्या पत्रातल्या ‘धरावे’चं आनंदीबाईंनी ‘मारावे’ केलं, अशी लोकांत रुजलेली गोष्ट. पुराव्याचा वाद इतिहासकारांनी घालावा; भाषेनं आपला निकाल देऊन टाकला आहे. निरोपात फेरफार करून अर्थ फिरवणं म्हणजे ‘ध’चा ‘मा’ करणं. व्हॉट्सॲपवरच्या अर्धवट कापलेल्या भाषणांना हा वाक्प्रचार चपखल बसतो, तरी तो तिथे फारसा वापरला जात नाही याचं मला नवल वाटतं.

याच काळातला ‘तोतया’ही. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण पुढे ‘मीच भाऊ’ म्हणत एक माणूस उभा राहिला, लोक त्याच्या बाजूला जमले, आणि अखेर १७७६ मध्ये त्याला देहदंड झाला.

मग तोतया, बोगस, बनावट, नकली हे अदलाबदल करून वापरता येतात का?

सवयीनं त्यांची वाटणी झालेली आहे. तोतया माणूस असतो आणि तो कुणाचं तरी पद किंवा नाव वापरतो: तोतया पोलीस, तोतया अधिकारी. डॉक्टर बहुतेक बोगस असतात, बियाणं आणि मतदारही. नोटा, दस्तऐवज आणि सही बनावट. दागिने नकली किंवा खोटे. दुधात भेसळ. ‘तोतया नोटा’ कुणी म्हणत नाही. सरमिसळ करणारा माणूस मराठी वर्तमानपत्र वाचत नाही हे लगेच कळतं.

खोटं न बोलताही फसवता येतं. त्याला शब्द आहे का?

आहे आणि तो महाभारतातून आला आहे: ‘नरो वा कुंजरो वा’. द्रोणाचार्यांनी शस्त्र खाली ठेवावं म्हणून अश्वत्थामा नावाचा हत्ती मारला गेला आणि युधिष्ठिरानं अश्वत्थामा गेला हे मोठ्यानं आणि पुढचं ‘माणूस की हत्ती’ हे हळू सांगितलं. मराठीत या वाक्प्रचाराचा अर्थ थोडा सरकून ‘गोलमाल, कुठलीच बाजू न घेणारं उत्तर’ असा झाला आहे.

रोजच्या वापरात ‘दिशाभूल’. जाहिरातीतला प्रत्येक शब्द खरा असतो, फक्त अटी मुंगीएवढ्या अक्षरात असतात, ही दिशाभूल. बोललेलंच वाक्य संदर्भ तोडून दाखवणं हा विपर्यास. ‘माझ्या वक्तव्याचा विपर्यास करण्यात आला’ हे वाक्य मात्र आता इतकं झिजलंय, की ते ऐकून लोक मूळ वक्तव्य खरंच होतं असं धरून चालतात.

भूल, चकवा, भ्रम, भास यांत फसवणारा कोण?

इथे बऱ्याचदा कुणीच नसतं, आणि असला तर हवाहवासा असतो. ‘भुलणे’त मोहून जाणं आहे. रूपाला भुललो, गोड बोलण्याला भुललो. नंतर पस्तावा होतो, पण भुलताना बरंच वाटतं. ‘भूलथापा’ म्हटलं की मात्र फसवणारा उघडा पडतो. शस्त्रक्रियेच्या आधी डॉक्टर देतात तीही भूल आणि ती देणारे भूलतज्ज्ञ. तिथे भूल न पडणं हीच आपत्ती.

चकवा रानातला. ओळखीच्या वाटेनं निघालेला माणूस अंधारात फिरून फिरून त्याच झाडापाशी येतो आणि गावकरी म्हणतात, चकवा लागला. भुताखेतांवर विश्वास नसलेलेही हा शब्द वापरतात, कारण त्या अवस्थेला दुसरा इतका नेमका शब्द नाही.

भ्रम आणि भास यांची गल्लत करू नये. भास इंद्रियांना होतो: कुणी हाक मारल्याचा भास. भ्रम मनात घर करतो आणि पुरावा दाखवूनही हटत नाही. म्हणून भ्रमाचा भोपळा फुटतो, भासाचा नाही. संतांनी या विषयावर दाखले पुष्कळ दिले आहेत. दोरी सापासारखी दिसणं, शिंपल्यात चांदी चमकणं, मृगजळ, हे वेदान्तातले जुने दृष्टान्त ज्ञानेश्वरीमुळे मराठीत घरोघर पोचले. तिथे दोष दोरीचाही नाही आणि सापाचाही. अंधुक उजेडात घाईनं पाहणाऱ्याचा आहे.

‘नाडणे’ म्हणजे काय? हल्ली ऐकू येत नाही.

येत नाही हे वाईटच, कारण त्याची जागा कुणी घेतलेली नाही. नाडणे म्हणजे समोरच्याची अडचण, अज्ञान किंवा गरज ओळखून त्याला लुबाडणं. त्यात थाप लागतेच असं नाही. सावकार कागद समोर ठेवतो, अंगठा कुठे करायचा ते दाखवतो. आत काय लिहिलंय ते शेतकऱ्याला वाचता येत नाही. खोटं कुणीच बोललेलं नाही आणि जमीन गेलेली आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला, तेव्हा लोकांनी सावकारांचे कर्जरोखे हिसकावून जाळले. सगळा राग त्या कागदांवर होता. चार वर्षांनी, १८७९ मध्ये, सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी वेगळा कायदा करावा लागला.

आज मोबाइलवर झटपट कर्ज देणारी ॲप्स जे करतात त्याला ‘फसवणूक’ म्हणताना कायद्याची अडचण येते, कारण अटी ‘मान्य आहे’ वर बोट ठेवून मान्य केलेल्या असतात. नाडणं म्हणायला काहीच अडचण नाही.

कलम बदललं. आता ‘चारसोबीस’ म्हणायचं का?

खुशाल म्हणा. १८६० च्या भारतीय दंड संहितेतलं कलम ४२० फसवून मालमत्ता काढून घेण्याबद्दल होतं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि हा गुन्हा आता कलम ३१८ च्या पोटकलम ४ मध्ये आहे. तोतयेगिरी ३१९ मध्ये आणि विश्वासानं सोपवलेला पैसा खाण्याचा गुन्हा ३१६ मध्ये. पण ‘तो पक्का तीनशेअठरा आहे’ असं कोण म्हणणार? बोलीत आकडा एकदा शिवी झाला की राजपत्र त्याला हलवू शकत नाही.

कायद्याच्या मराठीत फसवणुकीला ‘ठकवणूक’ म्हणतात आणि सोपवलेल्या पैशाच्या गुन्ह्याला ‘फौजदारीपात्र न्यासभंग’. दुसरा शब्द वकिलांनाही धड उच्चारता येत नाही; बातमीत त्याला ‘अपहार’ म्हणतात. फरक लक्षात ठेवायचा तो इतकाच: पैसे थाप मारून काढले तर फसवणूक, आणि आधी विश्वासानं ताब्यात आले, मग गिळले, तर अपहार. पतसंस्थेचा व्यवस्थापक अपहार करतो, फोनवरचा ‘बँक अधिकारी’ फसवणूक.

‘भामटा’ हा शब्द वापरावा का?

बातम्यांत सर्रास येतो: ‘भामट्याने वृद्धेचे दागिने लांबवले’. माझा सल्ला, टाळावा. भामटा हे एका समाजाचं नाव आहे. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत भामटा आणि राजपूत भामटा अशा दोन्ही नोंदी आहेत. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं अनेक जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण शब्द मथळ्यांत राहिला. त्या समाजातल्या मुलानं वर्गात सकाळचा पेपर मोठ्यानं वाचायचा म्हटला तर काय होईल, एवढाच विचार उपसंपादकानं करावा. ‘ठकसेन’, ‘ठक’, ‘चोरटा’ असे शब्द हाताशी आहेतच.

‘लबाड’ शिवी की लाड?

गाव आणि वय पाहून ठरतं. पुण्यामुंबईत बिस्किट लपवणाऱ्या नातवाला ‘लबाड कुठला’ म्हणत आजी जवळ घेते. तेच मोठ्या माणसाला म्हटलं तर भांडण. मराठवाड्यात आणि खानदेशात ‘लबाड बोलू नको’ म्हणजे सरळ ‘खोटं बोलू नको’. गोव्यात कोकणी बोलताना खोट्याला ‘फट’ आणि फसवण्याला ‘फटोवप’ म्हणतात.

पोपट झाला, पचका झाला, माती खाल्ली: हे लेखनात चालतील?

संवादात चालतील. पोपट होतो तेव्हा चारचौघांत हसं होतं, नुकसान फारसं नसतं. पचका झाला म्हणजे अपेक्षेचा फुगा फुटला. माती खाल्ली म्हणजे ऐन वेळी चूक केली. क्रिकेटच्या गप्पांत शेवटच्या षटकात हटकून कुणीतरी खातो. ‘शेण खाल्लं’ हे वेगळं आणि जड. त्यात चुकीपेक्षा नीती घसरल्याचा आरोप आहे. दोन्हींची अदलाबदल केली तर एखाद्याचा झेल सुटल्याबद्दल तुम्ही त्याचं चारित्र्य काढलेलं असेल.

बिलाच्या खाली ‘चू. भू. द्या. घ्या.’ का छापतात?

चूकभूल द्यावी घ्यावी. बेरजेत कमी लागलं असेल तर तुम्ही द्या, जास्त लागलं असेल तर परत घ्या, असा दुतर्फी करार. जुन्या पेढ्यांच्या आणि किराणा दुकानांच्या बिलबुकावर तो ठरलेला असे, सहीच्या जागेशेजारी, बारीक टायपात. संगणकाच्या बिलावर त्याऐवजी ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ येतं. आमंत्रणपत्रिकांत आणि याद्यांच्या शेवटी ‘चूकभूल द्यावी घ्यावी’ अजून टिकून आहे, तिथे देण्याघेण्यासारखं काही नसलं तरी.

शुद्धलेखनात कुठे चुकतं?

दीर्घ ऊकारात. चूक, भूल, लूट, फसवणूक, समजूत हे शब्द एकटे असताना दीर्घ लिहायचे. प्रत्यय लागला की ऱ्हस्व: चुकीचा, भुलीचं इंजेक्शन, लुटीचा माल, फसवणुकीचा गुन्हा, गैरसमजुतीने. अनेकवचनातही ‘चुका’. म्हणून ‘नजरचूकीने’ आणि ‘फसवणूकीचा’ ही दोन्ही रूपं चूक, तीही शुद्धिपत्रांत आणि पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकांत हमखास सापडणारी.